संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी

पिंपरी पेंढार,
माघ शुद्ध दशमी

चि. भरत,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. कांदा चांगला पोसलाय. आईचा गुडघा थंडीत धरतो. तू धाडलेला पट्टा ती बांधत नाही, पण येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते.

तुझा निरोप मिळाला. 'झालं गेलं विसर, तिथीची ती फाईल तेवढी पाठव.' पेठच्या दूध केंद्रालाही तुझा प्रोग्रॅम बसवायचाय म्हणे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आपल्या केंद्रावर गाय भरवल्याची नोंद करताना बायका तारीख सांगत नसत. लंकाबाई म्हणायच्या, "आगं, कार्तिकातल्या संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी. उपास सोडल्याचा दिस मला बराबर ध्येनात ऱ्हातो." शेवटी मी तारखेचा हट्ट सोडला. चाळिशीत, केंद्राच्या कॉम्प्युटरवर शिकत शिकत, डेटाबेसमध्ये तिथीचा आपला स्वतःचा प्रकार बनवला. 'कार्तिक वद्य पंचमी' असंच साठवायचं. भरवल्यापासून साडेनऊ महिने मोजून गाय कधी विणार ते प्रोग्रॅम काढायचा. तीन वर्षं तो दोन-चार दिवसांपलीकडे चुकला नाही.

तू तो पुण्याला नेलास आणि कॉम्प्युटरच्या दुसऱ्या भाषेत नव्यानं लिहिलास. उद्घाटनाला माईकवर म्हणालास, "हे माझं दोन वर्षांचं काम. आणि आमच्या ताईनं चहा झकास केलाय." लोक हसले. मीही हसले.

तुझ्या नव्या भाषेला माझी तिथी वाचता येईना. मला विचारायचं सोडून तू नेटवरून तयार रूपांतर उचललंस. ते उत्तरेकडचं. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावस्येला. शुद्ध पक्ष जुळतो, पण वद्य पक्षातली प्रत्येक नोंद महिनाभर मागं जाते. झालं. तू मागतोस त्या फाईलीत एवढंच आहे.

लंकाबाईंच्या गायीचे दिवस तुझ्या यादीत नागपंचमीला भरले. नागपंचमी गेली, वर चार दिवस गेले, गाय विईना. दिवस उलटले म्हणून लंकाबाईंनी डॉक्टरांना यादी दाखवून इंजेक्शन द्यायला लावलं. वासरू पंचवीस दिवस आधी आलं. उभं राहिलंच नाही.

सभेत तू म्हणालास, "ताईच्या नोंदी चुकल्या असतील." चेअरमन बाळासाहेबांनी माझ्याकडे केंद्राच्या किल्ल्या मागितल्या. मी दिल्या. तुझ्या रूपांतराचं नावही काढलं नाही.

तुला वाटलं, भावाला पाठीशी घातलं. तसं नाही भरत.

यादी भिंतीवर लागली त्याच दिवशी मला चूक दिसली होती. लंकाबाई शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "आगं बया, नागपंचमीलाच व्हय? मला वाटलं गणपतीत. पर मशिन कशाला खोटं बोलंल?" मी मान डोलावली. चारचौघांत तुझं नाक कापलं जावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी काय मरेल, हा विचार मनात आला नाही. आला असेल, तर मी तो थांबू दिला नाही. हे सांगावं लागलं असतं, म्हणून सभेत तुझी चूकही दाखवली नाही.

परवा लंकाबाईंच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. त्यांनी रिकाम्या दावणीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "मला एकलीला सांगून भागत न्हाई पोरी. सभंत बोल. तुजं बी आन त्याचं बी."

सभा माघ वद्य पंचमीला, सकाळी दहा वाजता. पेठच्या केंद्राची माणसंही येतायत. त्यांना मीच फोन केला. आधी मी माझा गुन्हा सांगणार, मग तुझा. म्हणजे माझ्याकडे बोट दाखवायला तुझ्याजवळ काही उरणार नाही.

यायचं तर ये. फक्त दिवस तुझ्या प्रोग्रॅमवर काढू नकोस. तो म्हणेल, सभा महिन्यापूर्वीच होऊन गेली.

आणि चहा या वेळी दुसरं कुणीतरी करेल.

नोंदी लिहिणारी,
सोनल