तुला पकडायला घेतलेला कॅमेरा

प्रिय बायजा,

माझं अक्षर बघूनच हे पाकीट फाडायला घेशील. फाड, पण वाचून फाड. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, एवढं लिहायला दोन दुपारी गेल्यात. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस.

सरळ सांगते. तुला पकडायला मी कॅमेरा घेतला. आपल्या दारात अमावस्येला लिंबू-मिरच्या पडायच्या. ते तूच ठेवतेस, करणी करतेस, असं मी हळदीकुंकवाला बाळकुमच्या सगळ्या बायांसमोर ओरडून बोललेले. तू भावजींना घेऊन डोंबिवलीला भाड्याने गेलीस. तरी लिंबू यायचं थांबेना. समृद्धी म्हणाली, आई, काकी काय डोंबिवलीवरून रिक्षा करून लिंबू ठेवायला येणार? मी म्हटलं, तू गप्प बस, तुझी काकी किती हट्टी आहे ते मला माहीत. जाऊ म्हणून पुन्हा तोंड बघायचं की कायमचं तोडायचं, ते एकदाचं ठरवायचं होतं मला.

बरं, कॅमेरा घेणं म्हणजे डोक्याला ताप. मला एकच पाहिजे होता. स्वस्तातला, अंधारात दिसणारा, समृद्धीच्या कॉम्प्युटरवर सगळं साठवणारा. नौपाड्यातला दुकानदार चार कॅमेऱ्यांचा सेट गळ्यात मारायला बसलेला. नको म्हटलं तर मोबाइलवाला दाखवला, साठवायचे म्हणे दर महिन्याला पैसे. अरे, दार माझं, आणि भाडं तुला? शेवटी खोक्यावर चंद्र काढलेला एक घेऊन आले. रात्री बघते तर नुसतं डांबर. परत गेले तर म्हणतो, मावशी, बाहेरची लाईट चालू ठेवा ना. लाईटच लावायची तर माझे डोळे काय गेलेत? असा आवाज लावला की दोन गिऱ्हाइकं निघून गेली. तेव्हा मुकाट्याने दुसरा काढला, भिंगाभोवती बारीक लाल दिवे असलेला. तोही स्वस्तच, मेल्याने आधी दाखवला नव्हता. समृद्धीने वायर खिडकीतून आत घेतली. चित्र काळंपांढरं, पण पायरीवरची मुंगी दिसेल असं.

अमावस्येनंतर सकाळी कॉम्प्युटर लावला. कोण दिसावं? आपली सासू! भिंत धरत धरत आली, लिंबू-मिरच्या पायरीखाली ठेवल्या आणि मागे न बघता आत.

माझं डोकंच फिरलं. विचारलं, तर मलाच उलटी बोलली. म्हणाली, दृष्ट काढून तिठ्यावर टाकायची असते, तिथवर जायला गुडघे आहेत का माझे? तू झोपलीस की तुझ्यावरून उतरवते. असलं फाटकं तोंड घेऊन फिरतेस, कोणाकोणाची नजर लागत असेल. बायजा होती तेव्हा तिच्यावरूनही उतरवायचे. मी म्हटलं, मग मी तिला नाही नाही ते बोलत होते तेव्हा का नाही सांगितलंत? म्हणाली, दोनदा आले सांगायला, तू म्हणालीस, आई, तुम्ही मधे पडू नका.

म्हणालेले मी तसं. आठवलं.

परवा सगळ्या बायांना घरी बोलावलं. त्याच, हळदीकुंकवाच्या. कॉम्प्युटरवर ते चित्र तीनदा लावलं. म्हटलं, नीट बघा, बायजाने काही केलं नव्हतं, मी खोटं बोलले. शांताबाई पदर तोंडाला लावून हसली. हसू दे.

तिथे बोलून झालं, पण तुझ्यापुढे अजून बोलायचं आहे, म्हणून हे पत्र. रविवारी मी येतेय. माफी मागायची सवय नाही मला, उभ्या उभ्या काही वाकडं बोलले तर बोलू दे, पण मागीन. दार नाही उघडलंस तर जिन्यात बसेन. तुझ्या शेजारणी विचारतील, कोण ही बाई, इथे का बसलीय? तर मोठ्याने सांगेन, हिच्यावर खोटा आळ घेतलेली हिची जाऊ आहे मी.

तुझीच, आहे तशीच,
रखमा