खुडूक कोंबडी

तामलवाडी, १९६४

ग्रामसेविकाबाईंना कुलसुमबीचा सलाम.

बदली होऊन जाताना तुमी म्हणलात, गरिबी सरली का ते आता आपल्या हातानं लिहून कळवा. सरली, बाई. तुमी वाटलेल्या पांढऱ्या कोंबड्या लई अंडी घालतात. सोलापूरचा व्यापारी दारातून घेऊन जातो. चहात साखर हाय, कंदिलात रॉकेल हाय.

पण या कोंबड्या खुडूक होत न्हाईत, अंड्यांवर बसतच न्हाईत. पिल्लं सरकारी गाडीतून येतात. आधी कुणाची गावठी कोंबडी खुडूक झाली की ती शेजारी आपल्या अंड्यांवर बसवायला मागून न्यायचे. माझी कोंबडी शेजारच्या धुरपदाच्या घरी बसायची, पिल्लं दोघींत निम्मी. पिल्लं निघंस्तोवर रोज आमचं येणंजाणं. मालक वारल्यावर म्या त्या येण्याजाण्यावरच दिवस काढले. आता कुणाला कुणाकडं मागायला जावं लागत न्हाय. व्यापाऱ्याबिगर माझ्या दारात कुणी येत न्हाय.

परवा म्या धुरपदाला खोटंच सांगितलं, माझी पांढरी खुडूक झाली, बघायला ये. ती आली. टोपली उचलून बघितलं. ही जात बसत न्हाय, हे तिलाबी ठाऊक. तिनं टोपली झाकली आन् दिवेलागणीपर्यंत बसून राहिली.

हे पत्र म्या टाकणार न्हाय. वाचून तुमी कोंबड्या माघारी न्याल, आन् मला त्या पाहिजेत.

उठताना धुरपदा म्हणली, "पिल्लं निघंस्तोवर रोज येत जाईन."

तुमच्या साक्षरता वर्गातली,
कुलसुमबी