नाही समजलं, पुन्हा सांग

सोमवार, ७ ऑगस्ट

पहिला आला तो उंटच! चारची वेळ ठरलेली, हा साडेतीनलाच दारात. चौकटीखालून मान वाकवून आत आला तेव्हाच मी मनात त्याचं नाव ठेवून टाकलं. टिकली — माझी नात — न्हाणीघरात, सूनबाई दवाखान्यात ड्यूटीवर, घरात मी एकटी. "आजी, मी लवकर आलो का?" म्हटलं, आलायस तर वरच्या फळीवरचा तो डबा काढून दे. महिनाभर त्या डब्याकडे नुसती बघत होते. त्याने हात वर केला आणि काढला, टाचसुद्धा उचलली नाही! असा पाहुणा रोज येवो.

मग आली एक बारीकशी मुलगी. "आजी, चप्पल कुठे काढू?" एवढं बोलली, आणि पुढे दोन तास मूग गिळून. ती गुपचूप.

तिघं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची. कॅल्क्युलस नावाच्या विषयाने तिघांच्या नाकी नऊ आणलेत. टिकली आणि गुपचूप गेल्या खेपेला नापास. उंट म्हणतो, "मी नापास नाही आजी, मला ताप होता, मी गैरहजर." बरं बाबा, गैरहजर. पण कॉलेजचा नियम सगळ्यांना एकच — डिसेंबरात हा पेपर सुटला नाही तर इंजिनिअरिंगची जागा गेली. म्हणून आता सोमवारी आणि गुरुवारी अभ्यास आमच्याकडे. का, तर आमचं जेवणाचं टेबल मोठं. एक पाय डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठा घातला.

केळी संपली. घरात तीन तरणी पोरं म्हणजे केळी आणतानाच संपलेली समजायची.

मंगळवार, ८ ऑगस्ट

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, मला नाही वाटत तिला झेपेल. आत्ताच काढून दुसऱ्या कोर्सला घालू, वर्ष तरी वाचेल." टिकली ताटात बघत बसली. लहान होती तेव्हा अशी बसली की समजायचं, आता रडणार. मी म्हटलं, डिसेंबरपर्यंत कुणी काही काढायचं नाही, घालायचं नाही. जबाबदारी माझी!

"तुझी? तू चौथी शिकलेली!"

म्हटलं, चौथी का होईना, पास आहे.

टिकली हसली. मुलगासुद्धा हसला, पण तो नाकातल्या नाकात.

गुरुवार, १० ऑगस्ट

त्यांनी एक पद्धत काढलीय. काढली गुपचूपने! म्हणजे ती बोलते. आधी आपापलं गणित सोडवायचं, मग एकेकाने उठून दुसऱ्याला तोंडी समजावायचं, कागदाकडे न बघता. "पण एकमेकांना सांगून उपयोग नाही," ती म्हणाली, "आपण एकमेकांचं अर्धं वाक्य ऐकूनच हो म्हणतो. ज्याला काहीच येत नाही असं माणूस पाहिजे."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी वाटाणे सोलत होते. म्हटलं, हे काम मला जमेल. काही न येण्यात माझा हात धरणारं ह्या घरात कुणी नाही.

मग काय, खुर्ची मधोमध, मी खुर्चीत, मांडीवर वाटाणे. टिकलीने शिडीचं गणित सांगितलं. भिंतीला शिडी टेकवलीय, तिचं खालचं टोक लांब लांब सरकतंय, तर वरचं टोक किती वेगाने खाली येतंय? मी म्हटलं, अगं, वर कुणी चढलंय का? "नाही आजी." मग खालून धरा की कुणीतरी! उंट इतका हसला की टेबलाखालचा पुठ्ठा निसटला.

मी विचारलं, तुझी पाळी कधी रे? "मला येतं हो आजी," म्हणाला. "तुम्हाला उगाच कशाला त्रास!" मला कसला त्रास? मी बसलेलीच असते.

सोमवार, २१ ऑगस्ट

छान चाललंय. पोरी सांगतात, मी मान डोलावते. "समजलं ना आजी?" — समजलं समजलं. टिकलीचा चेहरा कसा उजळतो! मान डोलावण्यात मी तयार आहे. ह्यांच्या जागतिक राजकारणाला चाळीस वर्षं डोलावली. गेले तेव्हा शेजारीण म्हणाली, तुमच्यासारखं ऐकणारं माणूस त्यांना मिळालं हे भाग्य. एक अक्षर ऐकलं असेल तर शपथ.

आज डब्याचं गणित. चौकोनी पत्रा घ्यायचा, चारी कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापायचे, उरलेल्या कडा वर दुमडायच्या, झाला डबा. केवढे चौकोन कापले तर डब्यात सगळ्यात जास्त मावेल? टिकलीने भराभरा सांगितलं. दोन उत्तरं येतात म्हणाली, एक छोटं, एक मोठं. "आपल्याला जास्तीत जास्त हवंय, म्हणून मोठं घ्यायचं." मी डोलावली. गुपचूप नव्हती, तिला सर्दी. उंट मोबाईलमध्ये.

मंगळवार, १९ सप्टेंबर

टिकलीला वर्गातल्या चाचणीत वीसपैकी सहा.

बुधवार, २० सप्टेंबर

काल लिहवेना.

तेच डब्याचं गणित आलं होतं. तिने तेच मोठं उत्तर लिहिलं. गुपचूपने जुन्या पुठ्ठ्यावर कापून दाखवलं. मोठं उत्तर म्हणजे पत्र्याच्या बाजूच्या निम्म्याएवढा चौकोन. चारी कोपऱ्यांतून निम्मं निम्मं कापलं की हातात चार चौकोन आणि मधे काही नाही! तळच नाही! गणिताच्या बाईंनी लाल शाईने लिहिलंय, 'ह्या डब्यात काय ठेवणार?'

आणि हा डबा मी मान डोलावून घेतला होता!

मुलगा चिडला नाही. चिडला असता तर बरं. नुसतं म्हणाला, "आई, जबाबदारी तुझी होती ना?" आणि दुसऱ्या कोर्सची चौकशी करून ठेवतो म्हणाला. टिकली खोलीत गेली, दार लोटून घेतलं. मी बाहेर उभी. शेवटी दारातूनच म्हटलं, टिकले, मला तो डबा समजलाच नव्हता गं. एकही डबा समजला नव्हता. तुझं तोंड पडू नये म्हणून हो म्हणत होते.

आतून नाक शिंकरल्याचा आवाज. मग — "एकही?"

म्हटलं, शिडी जरा समजली होती.

दार उघडलं. डोळे सुजलेले, पण हसत होती. "आजी, पुन्हा माझ्यावर दया केलीस तर बघ हं!"

गुरुवार, २१ सप्टेंबर

नवा नियम! 'समजलं' हा शब्द मला बंद. जिथे अडेल तिथे 'नाही समजलं, पुन्हा सांग' म्हणायचं, मग सांगणारं रडो की पडो.

आज अकरा वेळा म्हटलं. अहाहा! माहेरी, सासरी, कुठेही हे वाक्य तोंडातून काढायची सोय नव्हती. काढलं तर बावळट. आणि इथे त्यासाठी मला खुर्चीवर बसवतात, वर चहा देतात! टिकली घामाघूम. एके ठिकाणी "का?" विचारलं तर म्हणाली, "असंच असतं." म्हटलं, असंच म्हणजे कसंच? थांबली. डोकं खाजवलं. "मला नाही माहीत," म्हणाली आणि पुस्तक उघडलं. गुपचूपने टाळी वाजवली. ती गालातल्या गालात हसते, छान दिसते.

उंट म्हणाला, "असं तर डिसेंबर काय, पुढचा डिसेंबर उजाडेल." उंटावरचा शहाणा ऐकला होता, इथे उंटच शहाणा.

सोमवार, ९ ऑक्टोबर

पाठ धरलीय. गरम पिशवी घेऊन बसले, पण बसले.

गुरुवार, २ नोव्हेंबर

एक गोष्ट झालीय. फक्त इथे लिहिते.

टिकली नरसाळ्याचं गणित सांगत होती. निमुळतं टोक खाली, वरून नळाची धार, धार सारखी. पाण्याची पातळी कशी चढेल? मी आपली वाट बघतेय कुठे अडतं त्याची — आणि अडलंच नाही! खाली जागा चिंचोळी, म्हणून पाणी झरझर चढणार. वर रुंदी वाढत जाते, तेवढ्याच पाण्याला पसरायला जागा जास्त, म्हणून चढण मंदावणार. आणि ह्या घडीला, ह्या इथे, नेमकी किती मंद — ते काढायचं म्हणजेच ते डेरिव्हेटिव्ह! तीन महिने कानावरून जात होतं ते एकदम समोर येऊन बसलं. अंगावर काटा आला. ह्या वयात!

टिकली बघतेय. "आजी?"

समजलं म्हटलं असतं तर खुर्ची गेली. काही न येणारं माणूसच हवंय ना त्यांना! मी म्हटलं, नाही समजलं, पुन्हा सांग.

तिने पुन्हा सांगितलं, आणि ह्या वेळी मधेच थांबली. "थांब आजी, मी त्रिज्या कायम धरली. ती बदलतेय की!" स्वतःची चूक स्वतःच पकडली! माझी चोरी पचली, वर तिचं भलं झालं.

सोमवार, २७ नोव्हेंबर

मुलगा लवकर आला. दारात उभा राहून ऐकत होता. टिकली डब्याचं गणित सांगत होती, मुद्दाम तेच. दोन उत्तरं आली, तिने दोन्ही तपासली. "हे घेतलं तर तळ राहत नाही, म्हणजे डब्यात शून्य मावतं. म्हणून हे नाही, हे." मुलगा तसाच आत आला. चपला काढायलाही विसरला. टेबलाचा पाय बघितला, पुठ्ठा काढला, स्क्रू पिळून बसवला.

दुसऱ्या कोर्सच्या चौकशीचं विचारलं तर म्हणाला, "कसली चौकशी?"

मंगळवार, १२ डिसेंबर

पेपर झाला. टिकली म्हणाली, "लिहिताना तुझा आवाज ऐकू येत होता गं. का, का, का!" पोरीच्या डोक्यात बसले मी. मला माहीत आहे. पास आहे ती.

शुक्रवार, ५ जानेवारी

पास!! टिकलीला एकाहत्तर! गुपचूपला अठ्ठ्याहत्तर. तिचा फोन आला, पाच मिनिटं बोलली!

उंट नापास. त्याला आणखी एक संधी आहे. गेल्या खेपेला ताप होता ना, ती खेप कॉलेजने मोजली नाही. तो गैरहजर म्हणायचा ते खरं होतं तर.

शनिवार, ६ जानेवारी

उंट आला. ह्या वेळी वाकायला विसरला, चौकटीवर कपाळ आपटलं. "आजी, मनात सगळं होतं हो. कागदावर एकाचंही कारण लिहिता येईना. मला बसवाल का पाळीला?" मी म्हटलं, ये, पण ऐकणारी मी नाही. मला आता कळायला लागलंय, मी बाद. टिकली पाणी पिताना ठसकलीच. पेपर वाचत बसलेल्या मुलाला सांगितलं, गुरुवारी संध्याकाळी कचेरीतून वेळेवर ये, ऐकायला तू बसायचंस, तुला ह्यातलं काही येत नाही ना, तेवढं पुरे. त्याने सवयीने मान डोलावली. म्हटलं, ते पहिलं बंद कर. उंट गुरुवारी येतो म्हणालाय.