एकाच कोनाचा स्पीकर आणि यामिनीची हळद

२ मार्च, रविवार
खांडबाऱ्याहून स्पीकर आणला. बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा, साठ वर्षं जुना. आठ इंची कागदी कोन, मधे वाटीएवढा छोटा कोन, मागे दोन हातांनी उचलावं लागणारं मॅग्नेट. वूफर नाही, ट्वीटर नाही. तबल्यापासून बासरीपर्यंत सगळं एकच कोन वाजवतो. आवाजाचे तुकडे होत नाहीत. तळोद्यात हे फक्त मला कळतं.
बायकोने, तुळशीने विचारलं, हाई कसाले आनं? मी म्हणालो, आपल्या यामिनीच्या हळदीला. तोपर्यंत तसं काही ठरलं नव्हतं. आता ठरलं.

३ मार्च
ऑफिसात नवनीतला एक-कोन पद्धतीचे फायदे सांगितले. जेवणाच्या सुट्टीत सुरुवात केली. साडेतीनला तो फाइल शोधायला उठला. फाइल समोरच होती. गडी हुशार आहे, पण एकाग्रता कमी.
संध्याकाळी डीजेवाल्या पवनला फोन केला, हळदीला येऊ नको म्हणून. त्याने तीनदा विचारलं, नक्की का? नक्की.

९ मार्च, रविवार
पेटीचं काम सुरू. रचना माझीच, नेटवरून थोडी मदत. कोनाच्या मागचा आवाज वाया घालवायचा नाही. पेटीच्या आत नऊ फुटांचा घड्या घातलेला बोगदा करायचा आणि खालच्या तोंडातून तो आवाज भरदार करून बाहेर काढायचा.
जागा म्हणून यामिनीची मागची खोली घेतली. तिने स्वखुशीने दिली. दोनदा विचारावं लागलं. तिचा पलंग पुढे पडवीत गेला. महिन्याभराचा तर प्रश्न आहे.
शिवाजी मिस्तरीने दार मोजलं. म्हणाला, भाऊ, दार अडीच फूट शे, पेटी तीन फूट. मी म्हणालो, तिरकी काढू. त्याने पेन्सिल कानावर ठेवली. पटलं असावं.

२३ मार्च, रविवार
पेटी पूर्ण. माझ्यापेक्षा उंच. पहिलं गाणं लावलं. गळा स्वच्छ, बासरी स्वच्छ. ढोलकी मात्र ऐकू येईना. मिस्तरी म्हणाला, आवाज येस भाऊ, पन आवाजले पोट नई शे.
कारण साधं आहे. कोन साठ वर्षांत कडक झालाय. दोनशे तास वाजला की मोकळा होईल. रोज आठ तास. मी ऑफिसात असताना यामिनी चालू ठेवेल.

३० मार्च, रविवार
छप्पन्न तास झाले. ढोलकी नाही. एक शोध लागला: बारीक आवाज कोनाच्या नाकासमोरच जातात. खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसलं तर स्वर्ग, उभं राहिलं की रेडिओ. हळदीला दोनशे माणसं येणार. पाळीपाळीने बसतील.
यामिनीला खुर्चीत बसवलं. तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, बाबा, गानारी आठेच बठेल शे असं वाटस. आठवडाभर जे मी सांगतोय, ते पोरीने एका वाक्यात सांगितलं. नंतर तिने विचारलं, मी गेल्यावर हे कोण ऐकेल. मी सांगितलं, अजून एकशे चव्वेचाळीस तास बाकी आहेत.

१३ एप्रिल, रविवार
एकशे अडुसष्ट तास. ढोलकी येते आहे असं मला वाटतं. तुळशीला वाटत नाही. तिला वेळ नाही, घरात लग्न आहे. पवनला पुन्हा बोलवा म्हणते. पवनने ती तारीख दुसरीकडे दिली आहे. म्हणजे प्रश्न मिटला.

१७ एप्रिल, गुरुवार. हळद
सकाळी ९.१०. पेटी मांडवात न्यायची. सगळे कामात. कोणाला त्रास नको. दार लोटून घेतलं, आत जागा मोकळी केली. एकटा नेईन.

९.४०. पेटी तिरकी केली. ती दार आणि समोरची भिंत यांच्यात बसली. घट्ट. दार आत उघडतं, म्हणजे उघडत नाही. मी आत. खिडकीला गज. परिस्थिती ताब्यात आहे.

१०.१५. तुळशी खिडकीत. यामिनी पाटवर बठेल शे, तुम्ही आठे काय करी ऱ्हायनात? मी पेटीचा तिरका कोन आणि वजनाचा मध्य समजावू लागलो. ती ऐकायला थांबली नाही.

१०.५०. बाहेरून चौघांनी दार ढकललं. पेटी आणखी रुतली. काम मजबूत झालंय, मिस्तरीला सांगायला हवं.

११.०५. मिस्तरीने गजांमधून आरी आत दिली. म्हणाला, भाऊ, बाहेरथीन काहीच व्हनार नई. तुम्हलेच कापनी पडी. मी आरी पलंगाच्या जागी जमिनीवर ठेवली. दुसरा उपाय निघेल.

११.३०. निघाला नाही. बाहेर दिवलीबाईने, माझ्या मोठ्या बहिणीने, गाणं उचललं. तिच्यामागे सगळ्या बाया. डीजे नाही, स्पीकर नाही. गळे स्वच्छ. माझं नाव घालून एक कडवं झालं, बरंच हसू आलं. शब्द नीट ऐकू आले नाहीत, असं मी धरून चाललो.

१२.०५. यामिनी पाटावरून उठून खिडकीत आली. हिरव्या बांगड्या, हातभर हळद. गजांतून हात घालून माझ्या दोन्ही गालांना लावली. हात गार होते. म्हणाली, कापा ना बाबा. मी खिडकीतच उभा राहिलो. तिला हाका यायला लागल्या तेव्हा ती गेली.
आरी उचलली.

२.२०. बाहेर. बोगद्याच्या दुसऱ्या घडीतून कापावं लागलं. प्लाय उत्तम होता. पंगती उठल्या होत्या. दिवलीबाईने ताट झाकून ठेवलं होतं. ती शेजारी बसून वारा घालत राहिली.

२० एप्रिल, रविवार
लग्न परवा नीट पार पडलं. यामिनी सुरतला गेली. गाडी सुटताना मी टपावरची दोरी तपासत होतो, त्यामुळे नीट भेट झाली नाही. दोरी महत्त्वाची.
पेटीचा वरचा अर्धा भाग शिल्लक आहे. स्पीकर त्यातच आहे. अर्धी पेटी हाही एक मान्य प्रकार आहे. पलंग परत खोलीत लावला.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी
सकाळी ९.३०. लग्नानंतरची पहिली आखाजी. मुली माहेरी येतात. तुळशी सकाळपासून खापरावर मांडे करते आहे. यामिनीचा निरोप नक्की नव्हता, तरी तिच्या वाटचे धरूनच.
तुळशीच्या मोबाइलवर यामिनीचा आवाजी मेसेज आला. माणसाच्या गळ्यासारखी दुसरी चाचणी नाही. मोबाइलची वायर स्पीकरच्या ॲम्प्लिफायरला जोडली आणि लावला.
पहिला शब्द होता, आई.
तुळशी स्वयंपाकघरातून धावत आली. दोन्ही हात पिठाचे. उनी का वं माय, म्हणत तिने दारामागे पाहिलं, मग पलंगाकडे. मी बंद करायला हवं होतं. बटण कोणतं ते सुचेना. पुढचं सगळं वाजलं: सासरी पाहुणे आहेत, या वेळी येणं जमत नाही, पुढच्या महिन्यात बघू, बाबांना सांग.
तुळशी उभ्यानेच शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, आखो एकदा लावा.
मी वायर काढली. म्हणालो, ॲम्प्लिफायर तापलाय, थोडा थांबायला हवा.
ती हात धुवायला गेली. ॲम्प्लिफायर गार होता.