नाचण्यातला चुना आणि माझा अंगठा

बेळगाव, ता. ८ डिसेंबर १९३८

काकती मुक्कामी जिवाभावाचे भरमाण्णा यांस, निपाणीकर परशरामाचा रामराम. थंडीत तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींना नमस्कार. मी धडधाकट आहे, आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाही, मला नऊ दिवस मोजून बघितलंय.

झालं असं. आमची लेक मालू इथंच बाळंत झाली. पोर अंगावर पिते आणि हिला कंबर धरल्याशिवाय उठवत नाही. दवाखान्याचे डॉक्टर केदारी म्हणाले, बाळ आईच्या हाडातला चुना ओढतं, दूध वाढवा. रोजचं शेरभर दूध आणायचं कुठनं? मी विचारलं, नाचण्याची अंबील चालंल का? ते म्हणाले, "आण्णा, नाचण्यात चुना भरपूर, पण पोटात गेल्यावर अंगी किती लागतो हे मोजल्याशिवाय कसं सांगू?" मी म्हटलं, मोजा की, माझं पोट हाय. मालूची अंबील तोवर चालू केलीच.

भरमा, काय ती मोजणी! काचेच्या पेटीत तराजू, का तर आपल्या श्वासानंसुद्धा पारडं हलतं. माझ्या मिशीचा एक केस ठेवला तर पारडं खाली गेलं! (मी लगेच मिशीला हात लावला. एवढं वजन आजवर फुकट वागवलं.) नाचण्याच्या एका पिठाच्या, एका वजनाच्या दोन भाकरी करायच्या. एक मला, दुसरी भट्टीत. तिची चिमूटभर राख झाली, ती तेजाबात विरघळली, वर कसलेसे थेंब पडले, आणि त्या नितळ पाण्यात हळूहळू पांढरं धुकं उतरून तळाशी बसलं. तोच भाकरीतला चुना. मी हात जोडले. साठ वर्षं भाकरी खाल्ली, पण तिच्या आत काय हाय ते त्या दिवशी बघितलं.

आता दुसरी बाजू सांगायला लाजतो. आत गेलेलं जसं मोजायचं तसं बाहेर आलेलंही. जाईन तिथं झाकणाचं भांडं आणि बाटल्या माझ्याबरोबर. बाजारात भाजीवाल्या जयाबाईनं पिशवीत डोकावून विचारलं, "काकवी कुठनं आणलासा, आण्णा?" मी काय सांगू! डॉक्टरांची ताकीद दोनच: आम्ही देऊ तेवढंच खायचं आणि अंगातलं काही वाया घालवायचं नाही. मी इतका इमानी, की नऊ दिवस थुंकलोसुद्धा नाही.

दहाव्या दिवशी डॉक्टरांचा चेहरा उतरला. आत गेला त्याहून जास्त चुना बाहेर आलेला! दोनदा मोजलं, तेच. म्हणाले, नाचणा हाडाला देत तर नाहीच, उलट हाडातला ओढून नेतोय. मालूची अंबील बंद करा. मला घास जाईना. लेकीला मीच अंबील सुचवलेली. विचारात बसलो असता हात आपोआप कमरेच्या चंचीकडं गेला, तळहातावर तंबाखू घेतली, अंगठ्यानं चुना लावला, आणि अंगठा तिथंच थांबला.

आपल्या निपाणीत तंबाखूला खाणं कोण म्हणतं? दिवसातनं दहा वेळा मळलेली. आणि थुंकायचं नाही म्हणून सगळी गिळलेली!

तसाच पळत गेलो, अंगठा पुढं करून उभा राहिलो. डॉक्टर आधी लाल झाले, मग चष्मा हातात घेऊन हसले. पण ते नऊ दिवस बाद. नव्यानं मोजेपर्यंत ते होही म्हणणार नाहीत, नाहीही म्हणणार नाहीत. अंबील बंद ती बंदच.

तरी माझा अचंबा सरत नाही, भरमा. आपण झोपतो, भांडतो, बाजार करतो, आणि आत कोणीतरी भाकरीतला कण न् कण निवडून हाडाकडं पाठवत असतं. त्याला ना तराजू लागतो, ना उजेड.

माझा लोभ तुला ठाऊक आहे, तो कुठल्या पारड्यात मावायचा नाही.

तुझा परशराम

ता. क. नव्या मोजणीला तंबाखूला कधी न शिवलेला माणूस पाहिजे. आपल्या मुलखात तसा तू एकटाच. तुझं नाव देऊन आलोय. सोमवारी ये, बाटल्या घासून ठेवल्यात.

ता. क. दुसरा. वहिनींच्या मिश्रीच्या डबीत तुझं बोट जात असेल तर आत्ताच कळव.

ता. क. तिसरा. आज सकाळी मालू भरलेली घागर घेऊन आडावरनं ताठ चालत आली. मी बघतच राहिलो. म्हणते, "आप्पा, तुमचं मोजून हुईस्तवर मी उपाशी बसू व्हय? एक दिस अंबील सोडली न्हाय." डॉक्टरांना हे एवढ्यात बोलू नको. आणि तू येच. बरी झाली ते मला दिसतंय, पण किती चुन्यानं, ते कळल्याबिगर मला आता झोप यायची न्हाय.