एकाच कामाचं कॅरिअर

बारामती
१० नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मोहनमामांस राजेश्वरीचा वाकून नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आलं तरी तुम्ही दर वाक्याला ‘आँ?’ करता, म्हणून ठरल्याप्रमाणे लिहून पाठवतेय. तुमची वृषाली रोज इकडे कॉलेजला येते, तीच आपली पोस्टमन. बापाचं पत्र म्हणून तिनं ते वाटेत फोडू नये, एवढं तिला बजावा.

विषय तोच. माझी शर्यतीची होडी, ती कयाक, तुमच्या शेडमध्ये पडून आहे, कारण सतरा फुटांची वस्तू आमच्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात वळत नाही. उजनीचं पाणी तुमच्यापासून तासाभरावर. दर रविवारी तिथं सरावाला जायचं, तर तुमच्या गाडीच्या टपावर कॅरिअर हवं. २२ फेब्रुवारीला पुण्यात राज्याच्या संघाची निवड आहे. तेवीस वर्षांखालच्या गटातलं माझं हे शेवटचं वर्ष, मामा. यंदा राहिलं की कायमचं राहिलं.

सोबत चित्र जोडलंय. दोन आडवे बार, त्यावर इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखे वाकडे दोन आकडे, आतून रबर. कयाक त्यात कुशीवर बसते आणि हलत नाही. टपाला भोक पाडावं लागत नाही. कृपा करून हेच घ्या. दहा जणांना विचारू नका.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ आहेच, त्याला थोडी घाई जोडा.
राजेश्वरी

शेळगाव
१४ नोव्हेंबर

चि. राजेश्वरीस मामाचा आशीर्वाद. तुझी मामी शेजारी बसलीय, माझाबी लिवा म्हणती, म्हणून तिचाबी.

चित्र बघितलं. दहा न्हाय, चारच जणांना दाखवलं. सगळ्यांचं एकच मत पडलं. त्या आकड्यात तुझ्या होडीशिवाय दुसरं काय बसायचं न्हाय. अगं, एकाच कामाची वस्तू शेतकऱ्याच्या घरात कुठं असती का? रविवारी तुझी होडी, आन बाकीचे सहा दिवस टपावर नुसते आकडे. लोक म्हणतील, मोहनरावाच्या गाडीला शिंगं फुटली.

म्हणून मी माळेगावला सोमनाथकडं गेलो. उसाच्या ट्रॉल्या बांधतो तो, हात चांगला हाय. त्याला सपाट कॅरिअर सांगितलं, चारी बाजूंनी कठडा, अँगल दणकट. त्यावर तुझी होडीबी बसंल आन वेळप्रसंगी दोन पोतीबी. रंग कुठला देऊ म्हणाला. निळा सांगितला, तुला आवडतो म्हणून.

तू उगं डोक्याला ताप करून घेऊ नको. सरावाचं मी बघतो. दर रविवारी सकाळी सातला गाडी तयार, हा माझा शब्द.

अभ्यास कर, पोटाला खात जा.
तुझा मामा

बारामती
८ डिसेंबर

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

निळा रंग छान आहे. बाकी बोलायची सोय नाही. ते कॅरिअर चढवायला तीन माणसं लागली आणि चढवल्यावर गाडी मागून बसली. कठड्याची कड कयाकच्या पोटात रुतते म्हणून मामींच्या दोन गोधड्या खाली घातल्या. माझी कयाक बारा किलोची आहे हो! तिच्यासाठी तुम्ही उसाची ट्रॉली करून घेतलीत.

तेही चाललं असतं. पण काल मी पहिल्या एसटीनं आले, तर गाडीच नव्हती. शेजारच्या युवराजच्या दाराच्या चौकटी घेऊन ती कळंबला गेलेली. त्याच्या आदल्या रविवारी गावातल्या तुषारचे पाइप. त्याच्या आदल्या रविवारी कुणाची तरी पाण्याची टाकी, आणि ती कुणाची हे तुम्हालाही धड सांगता आलं नाही. मी दुपारपर्यंत ओसरीवर बसले, मामींच्या हातची भाकरी-आमटी खाल्ली आणि परत आले. जेवायला मी येतेच की, मामा, पण काल जेवायला आले नव्हते.

येत्या रविवारी सात म्हणजे सात.
आपली, रागावलेली
राजेश्वरी

शेळगाव
१२ डिसेंबर

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

तुझं पत्र जेवता जेवता वाचलं आन ताट बाजूला सारलं. पण तूच सांग, माणूस दारात येऊन उभा राहिला तर काय करायचं? गाडी दारात, वरती कॅरिअर रिकामं, त्यानं सवताच्या डोळ्यानं बघितलेलं. मी कारखान्याच्या शेतकी खात्यात तीस वर्षं काढली. ऊस कधी तुटणार म्हणून लोक विचारायचे, तवाबी कुणाला न्हाय म्हणालो न्हाय. बघू, करू, होऊन जाईल, असंच म्हणायचो. आता म्हातारपणी न्हाय म्हणायला तोंड कुठनं आणू? आन युवराज तर भावकीतला. उद्या आमी मेलो तर खांदा द्यायला तोच येणार.

तू घरची हायस. तू समजून घेशील. रविवारचं नक्की धर.

लोभ कमी करू नको.
मामा

बारामती
१२ जानेवारी २०२६

ती. मामांस नमस्कार.

नक्की धरलेले पाच रविवार झाले. त्यातले तीन वाया गेले. काल कॅरिअरवर कडबा होता.

घरची आहेस, समजून घेशील, असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य मी महिनाभर घेऊन फिरतेय. घरची म्हणूनच माझी पाळी शेवटची येते ना? बाहेरच्याला थांबवायला तुम्हाला लाज वाटते, मला थांबवायला काहीच वाटत नाही. तुम्ही सगळ्यांना हो म्हणता आणि त्या सगळ्यांचं हो माझ्या वाट्यातून जातं.

मला गाडी मिळाली नाही याचा राग नाही, खरंच नाही. तुम्ही नोव्हेंबरात सरळ नाही म्हणाला असतात, तर मी त्याच आठवड्यात टेम्पो ठरवला असता. तुमच्या ‘हो’वर विसंबून मी बसून राहिले. सहा आठवडे उरलेत. माझ्याबरोबरच्या मुली रोज पाण्यात आहेत आणि मी एसटीत.

पुढच्या रविवारी कयाक न्यायला टेम्पो येईल. शेडची किल्ली मामींकडे ठेवा.
राजेश्वरी

शेळगाव
१७ फेब्रुवारी

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

तुझ्या त्या पत्राला उत्तर द्यायचं धाडस झालं न्हाय. म्हणून तू टेम्पो घेऊन यायच्या आधीच ते आकडे आणून बसवले, तू दिलेल्या चित्रातले. तवापासनं पाच रविवार आपण पाण्यावर जातोय, पण गाडीत तूबी गप आन मीबी गप. लिहिताना तरी बोलावं म्हणतो.

सोमनाथचं कॅरिअर मी शेळ्यांच्या शेडवर टाकलं. पहिल्या आठवड्यात सात जण आले. टपाकडं बघायचे, आकड्यात हात घालून बघायचे आन चहा पिऊन जायचे. मी खूश झालो. म्हटलं, बरं झालं, आपल्याला तोंड उघडायलाच नको.

पण काल युवराज आला. बावीस तारखेला त्याच्या बहिणीचा साखरपुडा हाय. त्याला कॅरिअर नको, गाडीच पायजे, पाव्हणे आणायला. बघू म्हणून तोंडातनं निघालंच होतं. तुझी मामी दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. मग म्हणालो, न्हाय जमायचं, त्या दिवशी भाचीला पुण्याला न्यायचीय. म्हणालो आन खाली बघत बसलो.

तो म्हणाला, बरं. मग मोहनकाका, तंबाखू हाय का म्हणाला. खाल्ली, आन दुसऱ्याची गाडी बघायला गेला. एवढंच झालं! अगं, एकसष्ट वर्षं मी ह्याला भीत होतो.

शनिवारी मुक्कामाला ये. पहाटे चारला निघू.
तुझा मामा

बारामती
२४ फेब्रुवारी

ती. स्व. प्रिय मामांस शि. सा. न. वि. वि.

यादी लागली. तीन मुली घेतल्या, त्यात मी तिसरी. चौथीत आणि माझ्यात एका श्वासाचं अंतर होतं. ते सगळे रविवार मिळाले असते तर कितवी आले असते, हे मी मनात मोजते आणि मग तुमच्यावर पुन्हा चिडते. हे लपवत नाही. पण त्या दिवशी काठावरच्या सगळ्या माणसांत तुमचा पटका तेवढा उडत होता, तो मला पाण्यातूनही दिसत होता. ओरडून घसा बसला असेल, मामींकडून हळदीचं दूध घ्या.

९ मार्चला पुण्यात शिबिर सुरू होतंय. कयाक त्या दिवशी सकाळी पोचवायची आहे. न्याल का? आणि मामा, जमणार नसेल तर बघू, करू म्हणू नका. सरळ कळवा.

तुमचीच, अजून थोडी रागावलेली
राजेश्वरी

शेळगाव
२६ फेब्रुवारी

चि. राजेश्वरीस मामा-मामीचे पोटभर आशीर्वाद.

यादी वृषालीनं मोठ्यानं वाचून दाखवली. मला पहिल्याच खेपेला ऐकू आली. तुझी मामी रडली.

नऊ तारखेला न्हाय जमायचं. मामीला कळंबला तिच्या बहिणीकडं न्यायचंय. सहा महिने झाले, ती विचारती आन मी हो म्हणतोय. तीबी घरचीच हाय. तुझं पत्र मी तिच्यापुढंच वाचलं, आन मला माझी लाज वाटली.

तवा न्हाय. टेम्पो ठरव.
तुझा मामा