तात्पुरतं, नंतर नीट करू

मी खाली सही करणार, वय वर्षे सत्तावन्न, सुतळी नावाच्या संगणकभाषेची देखभाल करणारा, राहणार तिसरा मजला, औषधांच्या दुकानाच्या वर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यात ‘सध्या’ हा शब्द आहे. तो डॉक्टरांनी घातला, मी नाही. पुढे किती दिवस राहील ते सांगता येत नाही म्हणाले, म्हणून ही घाई.

ज्यांना सुतळी माहीत नाही त्यांच्यासाठी: संगणकाला कामं सांगायची ही एक भाषा. तिच्यासोबत आयत्या अवजारांची पेटी येते. तारखा मोजणं, नावं अकारविल्हे लावणं, फाइल उघडणं, असली रोजची कामं त्या पेटीत असतात. भाषा फुकट, पेटी फुकट, आणि डागडुजी करणारे आम्ही दोघे, मी आणि दाढीवाला, तेही फुकटच. दवाखाने, शाळा, ग्रंथालयं, कुठे कुठे सुतळी बसली आहे याची यादी माझ्याकडे नाही. कोणाकडेच नाही.

कलम एक. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि भांडीकुंडी माझ्या एकुलत्या एका लेकीला. ती इस्पितळात एक्स-रे काढते. शिल्लक फार नाही. पोटासाठी मी एका छापखान्याचे संगणक सांभाळले आणि उरलेला जन्म सुतळीत घातला. अट एकच. न्हाणीघरावरच्या माळ्यावर एक संगणक घरघरत असतो, तो रोज सगळ्या पेटीची तपासणी करतो. त्याची पिन काढून तिथे इस्त्री लावू नये. लेकीच्या आईने एकदा लावली होती. तेव्हा जगभरातून ‘सुतळी मेली का?’ अशी पत्रं आली आणि माझा एक सदरा तेवढा कडक निघाला.

कलम दोन. माझी चाकांची खुर्ची ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला. तिनेच ती मला दिली होती, ‘तू बसूनच मरणार आहेस, निदान पाठ तरी टेकव’ असं म्हणून. डावा हात मोडका आहे, त्यावर भार देऊ नये.

कलम तीन. आता मुख्य. सुतळी मी कोणाला देऊ शकत नाही, कारण ती माझी नाही. कोणीही घ्यावी, बदलावी, वाटावी, असं आम्हीच पहिल्या दिवशी लिहून दिलं. वकीलबाई म्हणाल्या, “मग मृत्युपत्रात कशाला आणता?”

मी म्हटलं, “काम आहे ना ते माझं.”

“काम वारसाने जात नाही हो.”

खरं आहे. घर घ्यायला माणूस मिळतो, काम घ्यायला नाही. मागच्या महिन्यात मी सगळ्यांना लिहिलं की मला आता होत नाही, कोणीतरी पुढे या. चार हजार लोकांनी पत्राखाली हृदयाची चित्रं लावली. पुढे आले दोघे. एकाने विचारलं, यात माझं नाव कुठे दिसेल. दुसऱ्याने आठ दिवस मनापासून काम केलं, मग त्याच्या घरी जुळी झाली. त्याला माझे आशीर्वाद.

कलम चार. माझी चूक. ती स्थावर आहे की जंगम, हे वकीलबाईंनाही ठरवता आलं नाही. सव्वीस वर्षांपूर्वी मी तारखेत महिना मिळवायचं अवजार लिहीत होतो. तेवढ्यात आतून हाक आली, लेकीच्या आईला कळा सुरू झाल्या होत्या. मी जेमतेम चालेल असं काहीतरी खरडलं, वर ‘तात्पुरतं, नंतर नीट करू’ असा शेरा मारला आणि रिक्षा आणायला धावलो. संध्याकाळी लेक झाली. अवजार तसंच राहिलं. एकतीस जानेवारीत एक महिना मिळवा, ते तीन मार्च सांगतं. फेब्रुवारीवरून उडी मारून जातं.

नऊ वर्षांपूर्वी मी ते नीट केलं. मला वाटलं, पांग फेडले. पण लोकांनी आमची चूक गृहीत धरून आपापल्या प्रोग्रामात उलटी चूक करून ठेवली होती. दोन चुका मिळून उत्तर बरोबर येत होतं. मी माझी काढली आणि त्यांची उघडी पडली. एका दवाखान्यात माणसं तीन दिवस आधीच येऊन बाकांवर बसली. कोणाची तपासणी होईना, कोणाला इंजेक्शन मिळेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तो शेरा आजही तिथे आहे. लेकीची आई जाण्यापूर्वी म्हणाली होती, “तुमच्या ‘नंतर’ची वाट बघत माझा संसार झाला.”

कलम पाच. दाढीवाला. त्या दिवशी त्याने माझी दुरुस्ती मला न विचारता काढून टाकली. फोन नाही, निरोप नाही. बरोबरच केलं, पण विचारायला हवं होतं. आमच्यात नियम असा की नवी आवृत्ती दोघांच्या किल्ल्या, म्हणजे संगणकावरच्या सह्या, लागल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि किल्ली लावणाऱ्याने आधी सगळं वाचून ‘पाहिले’ असं लिहायचं. मी रागाने ‘पाहिले’ लिहिलं. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी तेवढा एकच शब्द बोललो. चाळीस-एक वेळा. पन्नाशी ओलांडलेले दोन घोडे, आणि अबोला चौथीतल्या पोरींसारखा.

कलम सहा. गेल्या पावसाळ्यात त्याने नवी आवृत्ती पाठवली. मी वाचली, ‘पाहिले, उत्तम’ असं लिहिलं, किल्ली लावली. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. आवाज ओळखायला मला वेळ लागला.

“पेटी रिकामी होती रे,” तो म्हणाला. “पाठवताना काहीतरी अडकलं. आत एकही फाइल नव्हती.”

“मी पाहिली.”

“काय पाहिलंस?”

मला सांगता येईना. मग तो म्हणाला, “माझी किल्ली मी लावलेली नाही. कोणाला बोललो नाही. डॉक्टरकडे जाऊन ये. एकटा जाऊ नकोस.”

मला ती आवृत्ती वाचल्याचं अजूनही आठवतं. याचीच मला भीती वाटते. विसरलो तर कोणी आठवण करून देईल. जे झालंच नाही ते आठवत असेल, तर मला कोण सांगणार? आणि किल्ली माझ्या हातात. इथे मी हात टेकले.

कलम सात. खुर्चीचं सांगायचं राहूनच गेलं. माझी चाकांची खुर्ची ताईला. ‘तू बसूनच मरणार आहेस, निदान पाठ तरी टेकव’ असं म्हणून तिनेच ती मला दिली होती. डावा हात मोडका आहे, त्यावर भार देऊ नये.

कलम आठ. किल्ली लेकीला. दाढीवाल्याकडे दोन्ही किल्ल्या गेल्या तर नियमाला अर्थ उरत नाही, हे तोच म्हणाला. लेक म्हणाली, “बाबा, मला यातलं ओ की ठो कळत नाही.”

मी म्हटलं, “म्हणूनच. तू न बघता ‘पाहिले’ लिहिणार नाहीस.”

जो कोणी पुढे माझ्या जागी वाचेल, त्याला तिने तीन गोष्टी विचाराव्यात. उघडलंस का? शेवटपर्यंत वाचलंस का? आत काय होतं? तिसऱ्याचं उत्तर आलं तरच किल्ली लावावी. हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता आजपासून लागू. मृत्युपत्रात असं चालत नाही म्हणे. न चालो, किल्ली सकाळीच दिली. मी परत मागितली तर देऊ नये. ओरडलो, रडलो, ‘मी अगदी ठणठणीत आहे’ म्हणालो, तरी देऊ नये. तेव्हा मला ते खरंच वाटत असेल.

कलम नऊ. साक्षीला दाढीवाला येतो म्हणाला आहे, गाडीने सात तास. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकीलबाई सांगतात, त्यामुळे त्याला काही ठेवत नाही. माफी मागायला कलम लागत नाही. ती मी चहा पिताना मागेन, आठवण राहिली तर.

हा कागद एक महिन्याने पुन्हा वाचून पाहावा, असा सल्ला मिळाला आहे. एक महिन्याने म्हणजे नक्की कोणत्या तारखेला, हे कृपया मला विचारू नये.

येणेप्रमाणे लिहिलं, वाचलं आणि मला मान्य आहे.

ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: एकतीस जानेवारी
सही: (लिहून ठेवणार)

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचा औषधदुकानदार. माझ्यासमोर सही केली. सही त्यांचीच.

साक्षीदार दुसरा: दाढीवाला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत दोनदा वाचलं. ताईंना खुर्ची दोन वेळा दिली आहे, कलम दोनमध्ये आणि कलम सातमध्ये. खुर्ची एकच आहे. तो आत्ता माझ्यासमोर तिच्यातच बसला आहे आणि चहात साखर घातली का, असं मला तिसऱ्यांदा विचारतो आहे. या वेळी मी काहीही काढलेलं नाही. पाहिले.